काटा खालीच व्हता

सुदर्शनच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. देविदास मिस्त्री दवाखान्यातल्या खाटेशेजारी टेकला तेव्हा त्याला वाटलं, आता हा शिव्या घालणार.

महिन्यामागं त्यानंच सुदर्शनच्या ट्रकचा ईजीआर काढला होता. धूर परत इंजिनात नेणारी ती भानगड काढली की गाडी चांगली ओढते, असं सगळेच म्हणतात. मग त्याच्या कूलरला पाणी नेणाऱ्या दोन नळ्या एकमेकींना जोडाव्या लागतात, म्हणजे पाणी फिरत राहतं. देविदासच्या हाताशी जोडनळी नव्हती. त्यानं दोन्ही तोंडांना बूच मारलं आणि गाडी हातावेगळी केली.

काल रेणापूरच्या अलीकडं गाडी दम टाकायला लागली. सुदर्शननं उतरून रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी तोंडावर आलं.

"गरम गाडीचं झाकण कशाला उघडलंस, बाबा?"

"तुमीच शिकवलंय की, मामा. गरमीचा काटा खाली असल्याबिगर झाकणाला हात लावायचा न्हाई. काटा तर खालीच व्हता."

देविदासला ते बूच आठवलं. काट्याचा सेन्सर बूच मारलेल्या नळीवरच होता. तिथं गरम पाणी पोचतच नव्हतं, मग काटा चढणार कसा?

सुदर्शननं चाचपडत त्याचा हात धरला. "खरं सांगा, मामा. काटा बघण्यात माझंच चुकलं का?"

देविदासनं त्या पट्ट्यांकडं बघितलं.

"हाव," तो म्हणाला. "उन्हात न्हाई दिसत नीट, कधीकधी."