कट म्हटल्यानंतर

"तेवढा शॉट काढून टाका," ती म्हणाली. ती अजून दारातच उभी होती.

संकलनाच्या खोलीत दिवसाही अंधार असतो. दोन पडदे, एक खुर्ची आणि पाहुण्याने फार वेळ बसू नये म्हणून ठेवलेलं एक डगमगतं स्टूल. खुर्चीत कात्री बसला होता. मालिकेतले सगळे आपल्या संकलकाला याच नावाने हाक मारायचे आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. पडद्यावर आप्पांचा चेहरा थांबवलेला होता. आप्पा म्हणजे मालिकेतले वडील. गेल्या आठवड्यात ते खरोखरच गेले आणि उद्या त्यांच्या आठवणींचा खास भाग दाखवायचा होता. दारात उभी होती ती त्यांची लेक. मालिकेतली नव्हे, खरी.

"कुठला शॉट?" कात्रीने उगाच विचारलं. शॉट एकच होता. मालिकेतली मुलगी काहीतरी बोलते आणि आप्पा तिच्याकडे बघतात. बोलत काही नाहीत, नुसते बघतात, आणि घरोघरी लोक नाक पुसायला लागतात. गेली कित्येक वर्षं मालिका त्या बघण्यावर तरली होती.

"तोच. सकाळपासून जाहिरातीत दाखवताय तो." तिचा आवाज चढला. "आई गेली त्या दिवशी बाबा शूटिंगवर होते. तेव्हापासून माझा त्यांच्याशी अबोला. पण मालिका बघायचे मी. एक भाग चुकवला नाही. कधीकधी वाटायचं, पुरे झालं आता, फोन करावा. फोन हातात घ्यायचे, तेवढ्यात हे त्या परक्या पोरीकडे जीव ओवाळून टाकल्यासारखे बघायचे. की मी ठेवून द्यायचे फोन. माझ्याकडे कधी बघितलं नाही हो त्यांनी असं. आता ते गेल्यावर तरी मला ते बघायला लावू नका."

कात्रीने खुर्ची तिच्याकडे वळवली. त्याला हायसं वाटलं, कारण जगात याच एका दुखण्यावर त्याच्याकडे औषध होतं.

"ताई, बसा आधी," तो म्हणाला. "अहो, ते तिच्याकडे बघतच नाहीयेत. ती तर तेव्हा सेटवरसुद्धा नसायची. तिचं काम सकाळी, आप्पांचं दुपारी. मी नुसते दोघांचे तुकडे एकापुढे एक चिकटवतो. मधलं प्रेम लोक आपापल्या घरून आणतात."

"मग कोणाकडे बघतात?"

"कोणाकडेच नाही. राग मानू नका, पण 'ॲक्शन' म्हटलं की आप्पा जरा जास्तच करायचे. भुवया काय, ओठ काय! पण 'कट' म्हटलं की चेहरा मोकळा व्हायचा. कॅमेरा लगेच बंद होत नाही, थोडा वेळ चालूच असतो. तेवढ्यात ते बाजूला बघायचे आणि क्षणभर असा काही चेहरा व्हायचा, की मी तेवढाच उचलायचो. आवाज बंद करायचा, वर व्हायोलिन चढवायचं, झालं काम. काय बोलतात ते मी कधी ऐकलंही नाही. चहा मागत असतील, दुसरं काय!"

तो हसला. ती हसली नाही, पण स्टुलावर बसली.

"ऐकवा," ती म्हणाली.

कात्रीने मोठ्या उत्साहाने मूळ चित्रण शोधून काढलं. त्यावर व्हायोलिन नव्हतं; त्याने आवाज वाढवला. तिच्या बापाने परक्या पोरीला काहीही दिलं नव्हतं, हे त्याला एकदाचं दाखवायचं होतं. पडद्याबाहेरून दिग्दर्शकाचा "कट!" ऐकू आला. आप्पांचे खांदे उतरले. त्यांनी बाजूला बघितलं. तिथे रंगभूषेच्या मावशी उभ्या असायच्या. सेटवर फोन चालत नाही, त्यामुळे आप्पांचा फोन त्यांच्याकडे असायचा.

"माझ्या लेकीचा फोन आला का हो?" आप्पांनी विचारलं.

आणि उत्तराची वाट बघताना त्यांचा तो चेहरा झाला. सगळ्यांना पाठ असलेला.

"नाही आला, आप्पा," मावशींचा आवाज आला.

कात्रीने घाईघाईने दुसऱ्या दिवसाचं चित्रण लावलं. शर्ट वेगळा होता. प्रश्न तोच होता, उत्तरही तेच. तिसरं लावलं. चौथं त्याने लावलंच नाही. इतकी वर्षं आपण काय उचलत होतो आणि कुणाच्या नावावर खपवत होतो, ते त्याला आत्ता कळत होतं. एकदा जरी आवाज ऐकला असता, तर त्याने स्वतः उठून हिला फोन केला असता.

ती रडत नव्हती. पडद्याकडे बघत होती.

"तुम्ही दर वेळी इथेच कापता," ती म्हणाली. "पुढे काय असतं?"

"पुढे काही नाही, ताई. पुढे ते थेट कॅमेऱ्यात बघतात. नटाने कॅमेऱ्यात बघितलं की तो तुकडा बाद. बघणाऱ्याला वाटतं, हा माझ्याकडेच बघतोय. आमच्यात ती चूक धरतात."

"लावा."

त्याने लावलं. मावशी म्हणाल्या, "नाही आला, आप्पा." आप्पांनी मान हलवली. चष्मा नीट केला. आणि सरळ कॅमेऱ्यात बघून थोडंसं हसले.

"बघतेस ना गं?" ते म्हणाले.