उसना खोकला

"ही आठवण आधीच्या उमेदवाराची आहे," यंत्रावरचा लाल दिवा बघून सर म्हणाले. "कॉपी आम्ही खपवून घेत नाही."

भांडी घासून आलेली आई खोकत पडायची आणि आपण तिच्या उशाशी बसून गणितं सोडवायचो, एवढंच प्रणाली गेडामनं मुलाखतीत सांगितलं होतं. संघर्षाला निम्मे गुण ठेवल्यापासून या नामांकित विद्यापीठात शिरायला बड्या बापांची पोरं गरिबांच्या आठवणी विकत घेऊन डोक्यात बसवून घेत. क्लासच्या फीपायी तिनंही गेल्या वर्षी आपल्या आठवणीची प्रत विकली होती.

"सर, मूळ माझीच आहे."

"असेल. पण सांगताना तो रडला. तू कोरडीच."

बाहेर तो ईशान सरदेशमुख अजून डोळे पुसत होता. आठवणीतल्या आरशात पाहिलेला तिचा चेहरा त्यानं लगेच ओळखला.

"आईचा खोकला कसा आहे गं आता?" त्यानं पुळका येऊन विचारलं.

"गेली ती दिवाळीत."

ईशानला पुन्हा भरून आलं. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि आवाज खाली आणला.

"ते दिवाळीतलं अजून कुणाला विकलं नाहीस ना? पुढच्या महिन्यात माझी शिष्यवृत्तीची मुलाखत आहे."