विषयाचा रकाना

आठ दिवसांच्या तापातून उठलेल्या मृदुलाने जड हाताने वही ओढली. लेकीला ती घरीच शिकवायची आणि रोजचा अभ्यास वहीत टिपून ठेवायची. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले सासरे आज वही तपासणार होते. पानं कोरी दिसली, की नातीची रवानगी शाळेत.

"आता थापा मारणं आलं," ती पुटपुटली.

पण पानं भरलेली होती, लेकीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात.

'सोमवार. आईचा ताप तासातासाला मोजला. विषय: गणित.'

'मंगळवार. खिचडी केली, खाली लागली. विषय: विज्ञान.'

'बुधवार. आई भिंतीकडे तोंड करून रडली. मी पाय चेपले. विषय:' पुढे रिकामी जागा.

"तेवढा तू भर ना, आई," दारातून लेक म्हणाली. "मला नाही सुचला."