उंदरांचं हसू

उंदीर खूश झाला की चिवचिवतो, पण इतक्या बारीक आवाजात की तो फक्त यंत्रालाच ऐकू येतो. मेंदूतलं आनंदाचं रसायन वाढवणारं औषध दिलं की ही चिवचिव वाढते, एवढंच प्रयोगशाळेतल्या ताईंना दाखवून द्यायचं होतं. पण चार महिने झाले, औषधवाले उंदीर आपले बेताचेच बोलत आणि बिनऔषधाच्या पिंजऱ्यात मात्र नुसता कल्ला!

"शुक्रवारपर्यंत कारण शोधा, नाहीतर प्रयोग गुंडाळा," सरांनी सुनावलं.

ताईंनी औषध तपासलं, यंत्र खोलून पाहिलं, डोकं धरून बसल्या. गुरुवारी वैतागून तासभर आधीच आल्या, तर झाडलोट करणाऱ्या मावशी बिनऔषधाच्या पिंजऱ्यात हात घालून एकेका उंदराला गुदगुल्या करत होत्या.

"अहो मावशी! हे रोज करता तुम्ही?"

"रोज."

"आणि फक्त यांनाच? का पण?"

मावशींनी पदराने डोळे टिपले.

"पाटीवर 'औषध नाही' असं तुम्हीच लिहून ठेवलंय ना, ताई? म्हटलं, दुखण्याला इलाजच नाही, तर उरलेले चार दिवस तरी बिचाऱ्यांचे हसण्यात जाऊ देत."