ऊनपाटाची वही

गादीखाली वही नव्हती. सिल्व्हियाने गादी उलटी केली, पेटी उपसली आणि मग दारात चपला काढणाऱ्या बापाकडे पाहिलं.

"पप्पा, माझी वही?"

"म्हसे सरांना दिली," याकोब म्हणाला. "दोन दिवस वाचतो म्हनले."

अख्ख्या बेलापुरात बापाला वही द्यायला नेमका तोच माणूस सापडला होता.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका प्रकाशकाने खुली स्पर्धा लावली होती. खेळासाठी नवंकोरं काल्पनिक जग रचायचं. पहिलं आलेलं जग खेळ होऊन खोक्यात विकायला येणार, खोक्यावर रचणाऱ्याचं नाव. सिल्व्हियाने 'मिठागड' रचला आणि म्हसे सरांच्या क्लासमधल्या कॉम्प्युटरवर टाइप केला. मिठागड पहिला आला, पण सरांच्या नावाने. तिने हरकत घेतली, कच्ची वही पाठवली. उत्तर आलं: 'हस्तलिखित मागाहूनही लिहिता येते. तारखेसह छापील पुरावा असल्यास कळवावे.' ते पत्र तिने रडत रडत बापाला तीनदा वाचून दाखवलं. प्रेसमध्ये बाइंडिंग करणाऱ्या याकोबने ते ऐकलं, तांब्याभर पाणी प्यायला आणि डबा घेऊन कामावर गेला. त्या दिवसापासून तिने दोन राग पोसले, एक सरांवरचा आणि एक बापावरचा.

ऊनपाट त्या रागातूनच निघालं. तिथे ऊन कालव्याच्या पाण्यासारखं पाळीपाळीने सोडतात. गेटावर पाटकरी बसतात, आणि दुसऱ्याच्या पाळीचं ऊन चोरणाऱ्याची सावली जप्त होते. यंदाच्या स्पर्धेत हे जग पहिलं आणायचं, मंचावर जायचं आणि माइकवरून सरांची चोरी गावाला सांगायची, एवढाच तिचा बेत. म्हणून या खेपेला कॉम्प्युटर नाही, फोनमध्ये फोटो नाही. सगळं त्या एका वहीत. दिवाळीत वहीच्या कोपऱ्यावर शाईचा काळा अंगठा उमटलेला दिसला, तेव्हा प्रेसचे हात वहीला लावायचे नाहीत, असं तिने बापाला बजावलंही होतं.

"पाठवायला दहा दिवस राहिलेत, पप्पा! एक नकाशा रंगवायचा होता फक्त."

"अगं, मोठा मानूस हाय. चार सुधारना सांगंल. आपल्या चर्चच्या स्मरणिकेला जाहिरातीचं रंगीत पान दिलं त्यांनी. फोटोत चष्मा चमकतो म्हनून तीनदा प्रूफ आमच्या प्रेसला माघारी धाडलं, पन शेवटी सही करून दिली."

"आग लागो त्या स्मरणिकेला!"

स्मरणिकेचं काय होतं ते सगळ्या गावाला ठाऊक. जो तो आपली जाहिरात, आपला फोटो बघतो आणि मिटून ठेवतो. डिसेंबरात ती घरोघरी वाटली होती. सिल्व्हियाच्या घरी ती भाजीच्या गरम पातेल्याखाली असे.

सिल्व्हिया रोज क्लासवर जाऊन बसली; सर रोज बाहेरगावी. वही बाराव्या दिवशी परत आली. आत लाल शाईत शेरा होता: 'कल्पना कच्ची. वाचन वाढवावे.'

तिने बापाशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पुढ्यात सरकवायची आणि पाठ फिरवून बसायची.

एप्रिलात निकाल लागला. पहिलं पारितोषिक: ऊनपाट. रचनाकार: गहिनीनाथ म्हसे.

सरांनी सत्काराला हॉल घेतला, फ्लेक्स लावले. निकाल कायम करायच्या आधी प्रकाशकांच्या संपादक ज्योती मॅडम स्वतः येणार होत्या.

"चल," याकोब म्हणाला. "म्होरंच बसू."

सिल्व्हिया गेली. जाताना तिने जुनी चप्पल घातली. फेकून मारायची तर नवी कशाला वाया घालवायची?

सर शाल पांघरून उभे राहिले. "हे जग माझ्या डोक्याबाहेर आजवर कुणी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. सिल्व्हियाचा हात चपलेकडे गेला.

"नियमाप्रमाणे विचारते," ज्योती मॅडम म्हणाल्या, "कुणाची हरकत?"

शेजारी खुर्ची सरकली. याकोब उभा राहिला होता. कापडी पिशवी घेऊन तो मंचावर चढला, चढताना सवयीने सरांना नमस्कारही केला. त्याने स्मरणिका काढली आणि पस्तिसावं पान मॅडमसमोर धरलं.

मॅडमनी पान वाचलं, उलटलं, पुढची सहा पानं वाचली. गेटं, पाटकरी, जप्त झालेल्या सावल्या. "सिल्व्हिया याकोब बोर्डे कोण?" त्यांनी विचारलं.

खाली सिल्व्हियाने चपलेवरचा हात काढला.

"माझी पोरगी," याकोब म्हणाला. "छापील पायजे म्हनला हुता ना तुमी? डिसेंबरात छापलं. मग जानेवारीत वही सरांच्या हातात दिली."

सर हसले. "मॅडम, प्रेसमध्ये कामाला आहे हा. निकाल लागल्यावर चार प्रती वेगळ्या छापल्या असतील. माझी जाहिरात आहे ना या अंकात, मी नसतं का पाहिलं?"

"पाह्यलंच हाय की, सर," याकोब म्हणाला, आणि पिशवीतून चौघडी केलेला एक मोठा कागद काढून त्याने टेबलावर पसरला.

ते जाहिरातीचं प्रूफ होतं. एकाच कागदावर जोडपानं: डावीकडे म्हसे सरांचा रंगीत फोटो, उजवीकडे ऊनपाटाचं पहिलं पान, सिल्व्हियाच्या नावासकट. खाली सरांच्या वळणदार अक्षरात डिसेंबरची तारीख, सही आणि एक ओळ: 'पाहिले. छापण्यास हरकत नाही.'