एका हाताच्या बांगड्या

जन्नतबीनं द्वारकाबाईचा उजवा हात भरून संपवला आणि डावा मांडीवर ओढून घेतला, तेव्हा समोरच्या पारावर वकील बोलायला उभा राहिला.

आष्टीच्या बाजारात मतं मागायला कुणी येण्याची ही पहिलीच वेळ. वकील जालन्याचा. हैदराबाद संस्थानाच्या असेंब्लीसाठी उभा होता. द्वारकाबाईला मत नव्हतं; जमिनीचा पट्टा तिच्या नवऱ्याच्या, भुजंगच्या नावावर होता, म्हणून मतही त्याचंच. आज वकिलाला हार घालायचा मानही त्याचाच. एवढ्या लोकांपुढं मागणारा माणूस मागतो तरी कसा, हे तिला बघायचं होतं. म्हणून संक्रांतीच्या बांगड्या तिनं मुद्दाम आजच भरायला घेतल्या. जन्नतबीचं दुकान म्हणजे जमिनीवर एक चवाळं आणि त्यावर बांगड्यांच्या माळा. ते बरोबर पारासमोर मांडलेलं असे.

वकील मागणाऱ्यासारखा बोलतच नव्हता. रागावल्यासारखा बोलत होता, आणि ते ऐकायला बरं वाटत होतं. पोरांना शाळेत आपली भाषा नाही, म्हणाला. खळ्यातलं धान्य लेव्हीत कुठं जातं ते मी सांगायला नको, म्हणाला. सरकारच्या ह्या सक्तीच्या धान्यवसुलीत द्वारकाबाईच्या कणग्या ह्याच सुगीत रिकाम्या झालेल्या. आपल्या घरातलं ह्याला कसं कळलं, असं तिच्या मनात आलं.

पुढं मात्र तो अडखळला. पाराच्या पायाशी पोलीस जमादार बसला होता. सरकारचं नाव घ्यायची सोय नव्हती. वकिलानं एकदा त्याच्याकडं बघितलं, घसा साफ केला आणि बोट बाजाराकडं वळवलं.

"परके लोक आपल्यात येऊन बसलेत, आणि आपणच त्यांना पोसतो आहोत. आजपासून त्यांच्या हातचं काही घेऊ नका. निदान आपल्या बायकांचे हात तरी त्यांच्या हाती देऊ नका."

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत भुजंग पुढं होता. जमादारानं शांतपणे विडी पेटवली. सरकारला कुणी काही बोललं नव्हतं.

बांगडी तेव्हा द्वारकाबाईच्या अंगठ्याच्या हाडावर अडली होती. जन्नतबीची बोटं थांबली, मग जरा जास्तच जोर लागला आणि बांगडी वाढली. फुटलेली काच लागून रक्ताचा थेंब आला. जन्नतबीनं तो आपल्या ओढणीच्या टोकानं टिपला.

मागं वाट बघत बसलेल्या पुष्पाबाईनं हात पदराखाली घेतला. नंतर येते म्हणाली आणि उठली. तिच्यामागं आणखी दोघी उठल्या. माझ्या हाताला जन्नतबीच पाहिजे, म्हणून दर सणाला हटून बसणाऱ्या बायका ह्या. इतक्या लवकर ह्यांना कसं जमलं, ते द्वारकाबाईला कळेना.

"जन्नतबी, त्यो परके म्हणला, ते कोण?"

"मीच की, बाई." जन्नतबीनं मान वर केली नाही. "माझ्या आजीची कबर हितंच, वढ्याच्या पल्याड हाय. वकीलसाहेब तर मोटारीतून आले." मग म्हणाली, "तुमी बी उठा. मालक बघून राह्यले."

भुजंग खरंच येत होता. वकील बाजारातून नमस्कार करत निघाला होता, आणि हार घालायचा मान मिळालेला माणूस म्हणून भुजंग त्याच्या शेजारी होता. मागं गर्दी. चवाळ्यापाशी सगळे थांबले. द्वारकाबाईचा हात अजून जन्नतबीच्या मांडीवर होता. भुजंग मारकुटा नव्हता, पण चारचौघांत बायकोनं उलटून बोललेलं त्याला खपत नसे.

"ऊठ," तो हळूच म्हणाला.

द्वारकाबाईनं दोन्ही हात वर करून दाखवले. एक हिरवागार, दुसरा साफ मोकळा.

"अशी येऊ का घरी? तुमी हायेत न्हवं अजून?"

गर्दीत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. भुजंगचं तोंड उतरलं. वकील मधे पडला. परतूरला आपला कासार आहे, बाईंनी तिथं जावं, असं त्यानं आदबीनं सांगितलं. द्वारकाबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं. जवळून तो साधाच दिसत होता. घसा बसलेला, धुळीनं डोळे लाल.

"लेव्हीचं तुमी बराबर बोलले, वकीलसाहेब," ती म्हणाली. "पण माझी जवारी जन्नतबीनं न्हाई नेली."

वकिलानं तोंड उघडलं. त्याची नजर आपोआप जमादाराला शोधत गेली. मग तो नमस्कार करत पुढं चालू लागला. बहुतेक गर्दी त्याच्यामागं गेली, काही माणसं तिथंच घोटाळली. पुष्पाबाई लिंबाच्या सावलीत उभी होती. घरीही जात नव्हती, जवळही येत नव्हती.

भुजंगला वकिलाबरोबर गावभर फिरायचं होतं. पुढून कुणीतरी त्याला हाकही मारली. त्यानं धोतर सावरलं आणि चवाळ्याच्या कडेला उकिडवा बसला, पाठ बायकोकडं, तोंड बाजाराकडं. रुसून बसला की राखणीला, हे त्याच्या पाठीवरून द्वारकाबाईला कळेना.

जन्नतबीनं दुसरी बांगडी उचलली. बांगडी काही केल्या चढेना.

"हात ढिला सोडा, बाई," ती म्हणाली.

द्वारकाबाईनं डोळे मिटले आणि हात सोडून दिला.