वाटून भरलेला डबा

घराच्या वाटणीवरून विद्याधर आणि त्याचा धाकटा भाऊ दामोदर यांच्यातलं बोलणं बंद झालं होतं. आज दोघेही कारखान्यातल्या मंडळींबरोबर रात्रभर सायकली चालवत म्हैसूरला निघाले होते. विद्याधरच्या बायकोने, प्रमोदिनीने, सगळ्या भाकऱ्या नवऱ्याच्या पिशवीत भरल्या आणि सगळा झुणका दिराच्या.

“हे काय चालवलंयस?” विद्याधरने दरडावून विचारलं.

“भूक लागली की बोलाल,” ती म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी दोघे परतले. भाकऱ्या कडक झाल्या होत्या, झुणका विटला होता. प्रमोदिनीने दोन्ही पिशव्या बाजूला सारल्या.

“त्याला विचार, माझ्याकडे का आला नाही,” विद्याधर भिंतीकडे बघत म्हणाला.

दामोदर दारातच उभा होता. “वहिनी, अण्णाला सांगा, मी रात्रभर त्याच्याच मागे होतो.”